दाढेवरची टोपी

मुलांनो, काल फोटो आला. धाकटीच्या दुधाच्या दाढेवर पांढरी टोपी बसवली आणि डॉक्टरांनी तिला छतावर कार्टून दाखवलं म्हणे. तुमच्या आईच्या दाढेवरही टोपी होती, स्टीलची, ऐंशीच्या सुमारास पुलगावात बसवलेली. तिने तुम्हाला हे सांगितलं नसणार, म्हणून मी, तुमची आजी, लिहिते.

तिथे कार्टून नव्हतं, डॉक्टरीणबाई होत्या. "रडायला तोंड उघडलंस ना? आता तसंच ठेव," म्हणत त्या पोराच्या दाढांमध्ये दोऱ्याचं रिकामं लाकडी रीळ अडकवायच्या. रिळावर आधीच्या पोरांच्या दातांचे वण असत.

एखादा बाप म्हणे, "दुधाचाच दात त आहे बाई, पडनच. उपटून टाका."

"तुमचेही पडणार आहेत. उपटू?"

दुधाची दाढ पक्क्या दाढेची जागा राखते, ती आधीच गेली तर नवी वाकडी येते, हे त्या प्रत्येकाला बजावत. तुमच्या आईची किडलेली दाढ त्यांनी म्हणूनच टोपी घालून वाचवली.

नाचणगावला तुमच्या पणजोबांचा, म्हणजे माझे सासरे मामाजी यांचा, भाजीचा मळा होता. नातीच्या तोंडातलं स्टील त्यांना बघवेना. "कोंबावर डबा उपडा ठेवला त कोंब वर येते का, सूनबाई?" मी समजावलं की मान हलवत. एका दुपारी मी शाळेत शिकवत असताना त्यांनी पकडीने टोपी काढली. सोबत अर्धी दाढ आली. मी परतले तेव्हा पोरीच्या हिरडीत हळद भरलेली होती.

"मोकळा केला दात," ते समाधानाने म्हणाले. "आता पाहजो, कसा येते."

आठवड्यात गाल सुजला. डॉक्टरीणबाईंनी डोकं धरायला मामाजींनाच पुढे बोलावलं.

"पू झालाय. इंजेक्शनने धड बधिर होणार नाही. घट्ट धरा."

"बाई, मले नाई पाहवत."

"तुम्ही नका पाहू. ती पाहील." मग रीळ अडकवून पोरीला म्हणाल्या, "माझ्याकडे नको बघू, बेटा. आबाजीकडे बघ."

तिने शेवटपर्यंत त्यांच्याकडेच पाहिलं.

उरलेली दाढ उपटून डॉक्टरीणबाईंनी मामाजींच्या तळहातावर ठेवली. "घ्या. कौलावर फेका. रिवाज आहे ना तुमचा."

त्यानंतर तुमच्या आईने आबाजींच्या हातचं काही खाल्लं नाही. ते मळ्यातली कोवळी काकडी सोलून तिच्यासमोर ठेवत. त्या काकडीला मुंग्या लागत.

गावाने डॉक्टरीणबाईंना कसाईण ठरवलं आणि पोरं आणणं सोडलं. त्या गाव सोडून गेल्या हे दवाखान्याला कुलूप दिसलं तेव्हा कळलं. निरोपाला कुणी नव्हतं.

तुमच्या आईची पक्की दाढ वाकडी आली. ती अजून आहे.