मध्यरेषेपलीकडे

आपल्याला भीती कधी वाटलीच नाही, असं सांगणाऱ्या खेळाडूंचा मला पहिल्यापासून राग येतो. मी चिंचवडला शाळेच्या हुतूतू संघात होतो आणि त्या हिवाळ्यात रोज भीत होतो.

दिवाळीआधी पवनेच्या वाळूत सराव करताना मी चढाईवर गेलो, समोरचे सगळे अंगावर पडले आणि माझं तोंड वाळूत रुतलं. ओरडायलाही हवा नव्हती. शेवटी पोरांनी बाहेर ओढलं. तेव्हापासून मध्यरेषा ओलांडली की घसा आवळायचा, हुतूतू अर्ध्यातच तुटायचं आणि मी बाद. ड्रिल मास्तरांनी स्पष्ट सांगितलं, "चाकणच्या सामन्यात दम तुटला तर तुझ्या जागी दुसरा." घरी बोलायची सोय नव्हती. वडील म्हणाले असते, बरं झालं, म्हशींकडे तरी बघशील.

मग पोरांनीच डोकं चालवलं. मी चढाईवर गेलो की रेषेमागून सगळ्यांनी माझ्याबरोबर हुतूतू घुमवायचं. आणि काय सांगू, जमलं! त्या गलक्यात माझी भीती सगळ्यांत विभागली गेल्यासारखी व्हायची.

चाकणच्या सामन्यात मात्र हाच उपाय अंगाशी आला. पंचांना माझा दम ऐकूच येईना. त्यांनी शिट्टी फुंकून चढाई रद्द केली आणि बजावलं, "पुन्हा कुणी तोंड उघडलं तर सामना त्यांना देईन." पुढे आमचा एकेक गडी बाद होऊन बाहेर बसत गेला आणि आत मी एकटा उरलो.

समोर चाकणचे चौघे, नांगर धरून खांदे रुंद झालेले. तरी हुतूतू म्हणत रेषा ओलांडली, आणि घसा आवळायला लागला. तोंडात वाळूची चव आली. एवढ्यात बाहेर बसलेल्या आमच्या पोरांवर नजर गेली. सगळ्यांनी दोन्ही हातांनी नाक-तोंड गच्च दाबलं होतं. आमचा सगळ्यात दांडगा गडी तर लालबुंद झाला होता. मी परत येईपर्यंत ही गाढवं श्वास घेणार नाहीत, हे माझ्या लक्षात आलं. आता यांच्यापैकीच कुणीतरी मरतंय, अशी नवीच धास्ती बसली. मी लाथ झाडली, ती कुणाच्या तरी मांडीला लागली, आणि तसाच उलटा धावत रेषेवर पडलो. दम शाबूत होता.

सामना पुढे आम्ही हरलो. पण त्या चढाईत त्यांचा एक बाद झाला म्हणून आमचा एक जिवंत झाला. तो दांडगाच धापा टाकत आत आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला.

"लई भ्याला व्हतास?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"मी बी," तो म्हणाला आणि माझा हात घट्ट धरला.