चष्मेवाल्याचे तीन इंच

दुकान घरापासून चालत अकरा मिनिटांवर. गाडीने सतरा, कारण मधे एक वन-वे आहे आणि दोन सिग्नल. तरी चष्मेवाला रोज गाडीनेच जायचा, आणि गाडीही साधीसुधी नाही, सात माणसांची एसयूव्ही. देवाने पाय दिलेत ते क्लच दाबायला, असा त्याचा एकंदर समज.

माणूस अंगकाठीने बेताचाच. दुकानात काउंटरमागे लाकडी फळी टाकून तो तिच्यावर उभा राहायचा, म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा भिडवता येई. दोन बुबुळांमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरपर्यंत अचूक मोजतो अशी त्याची ख्याती होती, आणि ती बहुतेक त्यानेच पसरवली होती. इमारतीत कुणी भिंतीला खिळा ठोकायला घेतला की हा खिशातून टेप काढून हजर. खिळा चुकीच्या जागी ठोकला जातोय एवढं सांगायचा आणि निघून जायचा.

या माणसाजवळ मिरवण्यासारखी खरी गोष्ट एकच होती. बेसमेंटमधली एक नंबरची पार्किंगची जागा, अगदी लिफ्टच्या दाराला लागून. तीन वर्षं सोसायटीच्या सेक्रेटरीला फुकट चष्मे घालून त्याने ती मिळवली होती. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई गेल्या वर्षी त्याच्या दारात उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या नवऱ्याचं खुब्याचं हाड मोडलेलं, काका वॉकर घेऊन चालतात, आणि त्यांची चौदा नंबरची जागा थेट शेवटच्या खांबामागे. अदलाबदल करता का, असं त्यांनी हात जोडून विचारलं. याने चष्मा पुसत पुसत उत्तर दिलं होतं, ‘‘नियम म्हणजे नियम, बाई. आणि चालणं तब्येतीला चांगलंच असतं.’’

बाई तिथून थेट सेक्रेटरीकडे गेल्या. एक नंबरच्या जागेच्या प्रतीक्षायादीत पहिलं नाव त्यांनी आपलं लिहून ठेवलं.

असं सगळं सुखात चाललेलं, तेवढ्यात साडूने गाडी घेतली. एका घरगुती फोटोत दोघांच्या गाड्या शेजारी शेजारी आल्या आणि साडूच्या गाडीचं बॉनेट चार बोटं वर दिसलं. फोटोत वीस माणसं होती. याने दोन बोटांनी फोटो मोठा करकरून पाहिलं ते बॉनेट. त्या आठवड्यात त्याने निदान तिघांना जवळचा नंबर सांगून दूरचा चष्मा दिला म्हणतात.

मग गॅरेज गाठलं. तिथला फिटर म्हातारा, बोलायला कंजूष. त्याने सांगितलं की नवे स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर टाकले की गाडी दोन इंच उठेल, मोठे टायर घातले की आणखी एक. गाडी डोंगरात वगैरे नेता का, असं त्याने विचारलं. चष्मेवाला म्हणाला, तसा विचार आहे.

‘‘विचार करायला जुने टायर पुरतात,’’ फिटर म्हणाला आणि पान्याला लागला.

बेसमेंटच्या उतारावर, अगदी तोंडाशी, एक काँक्रीटचा बीम आहे. खाली मोकळी उंची सहा फूट तीन इंच. चष्मेवाल्याने अर्थातच ती मोजली होती. गाडीही मोजली होती, पाच फूट अकरा. तीन इंच वाढवले की सहा फूट दोन, वर एक इंच शिल्लक. हिशेब कागदावर लिहून, खाली सही करून त्याने फिटरपुढे धरला. फिटरने कागदाकडे न बघता एवढंच विचारलं, गाडी रिकामी असताना मोजलीत ना?

‘‘मला मोजमाप शिकवू नका,’’ चष्मेवाला म्हणाला.

मोजली त्या दिवशी गाडीत दुकानासाठी आणलेले चार आरसे आणि काचेच्या जाडजूड फळ्या मागच्या दारापर्यंत खचाखच भरलेल्या होत्या. गाडी बिचारी त्या ओझ्याखाली इंचभर वाकून उभी होती. अर्ध्या मिलिमीटरचा महापंडित इंच गिळून बसला आणि ढेकरही दिला नाही.

गाडी तयार झाली त्या संध्याकाळी स्वारी सहकुटुंब आणायला गेली. बायको, कॉलेजात जाणारे दोन मुलगे आणि मुक्कामाला आलेल्या सासूबाई. गाडीत चढायला सासूबाईंसाठी गॅरेजमधून प्लॅस्टिकचं स्टूल मागून घ्यावं लागलं, ते परत द्यायचं राहिलंच. परतताना दिव्यांचा झोत समोरच्यांच्या थेट डोळ्यांत जात होता. आधी लोकांचे डोळे दिपवायचे आणि मग त्यांना चष्मे विकायचे, धंद्याची ही नवी युक्ती असावी. पाच माणसं पोटात घेऊन गाडी बीमखालून नखभर अंतराने सटकली. चष्मेवाल्याने बायकोकडे असं पाहिलं, जणू बीम त्याला वाट देण्यासाठी मागे सरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच निघाला. ‘खर्रर्र’ असा आवाज पहिल्या मजल्यापर्यंत ऐकू आला. वॉचमन धावत खाली गेला. बीमला पांढरा ओरखडा, टपाला करडा. चष्मेवाला टेप काढून बीम मोजत होता. बीम तेवढाच होता.

गाडी भरलेली असली की जाते आणि रिकामी असली की अडते, हे त्याच्या ध्यानात यायला तासभर लागला. वॉचमनला पहिल्या मिनिटात कळलं होतं, पण त्याला कुणी विचारलं नाही.

फिटरने सांगितलं, स्प्रिंग पुन्हा काढून जुने टाकू, अर्ध्या दिवसाचं काम. बायकोनेही तेच सांगितलं. पण साडूला नव्या उंचीचा फोटो पाठवून झाला होता आणि साडूने अंगठाही दाखवला होता. आता माघार कशी घेणार? टायरची हवा काढून पाहिली. गाडी खाली बसली खरी, पण बाहेर येऊन पायपंपाने चारही टायर फुगवताना हाच पाचव्या टायरसारखा फुगून लालबुंद झाला. दोन दिवसांत तो उद्योग संपला.

मग रोजचा सोहळा सुरू झाला. सकाळी साडेनऊला चष्मेवाल्याचं अख्खं घर बेसमेंटमध्ये उतरायचं, स्टुलावरून गाडीत चढायचं, बीमखालून वीस पावलं जायचं आणि रस्त्यावर पुन्हा स्टुलावरून उतरायचं. संध्याकाळी हेच उलटं. बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला. ती गाडीतून उतरून बस पकडायची, कारण नवऱ्याचं दुकान दुसऱ्या दिशेला. मुलांनी चार दिवस तोंड वाकडं करत सहन केलं, मग त्यांची कॉलेजं अचानक सकाळी सातला भरू लागली. सासूबाई म्हणाल्या, जावयाने फिरवून आणलं असतं तर बरं वाटलं असतं, पण हे वीस पावलांचं प्रवासवर्णन गावाकडे कुणाला सांगू? त्या गेल्या आपल्या गावी.

मग शेजाऱ्यांची पाळी. ज्यांना जिन्यात ओळख द्यायचा नाही, त्यांना चष्मेवाला अचानक हसून नमस्कार करू लागला. हसताना नजर मात्र पोटावर. दुसऱ्या मजल्यावरचा शिंपी भरीव, म्हणून त्याला काच पुसायच्या द्रवाच्या दोन बाटल्या मिळाल्या. त्याची बायको किरकोळ, तिला नुसतं फडकं. चारपाच दिवस लोक गंमत म्हणून बसले. पुढे बाटल्या घरात मावेनात तशी कुणाची पाठ धरली, कुणाच्या कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या. गाडी रस्त्यावरच राहू लागली.

आणि इथे सोसायटीचा नियम आडवा आला. जागा सलग पंधरा दिवस रिकामी राहिली तर ती यादीतल्या पुढच्या माणसाला जाते. हा नियम मागे चष्मेवाल्यानेच सुचवला होता, एक नंबरच्या जुन्या मालकाला हुसकावण्यासाठी.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी गाडी उताराच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. सात वाजता सेक्रेटरी वही घेऊन बेसमेंटमध्ये येणार होता. सव्वासहाला चष्मेवाल्याने बायकोला बसवलं, वॉचमनला बसवलं, शिंप्याला जवळजवळ उचलून आणलं. पुढे घेऊन पाहिली तर टप बीमला टेकतंय. एक माणूस कमी पडत होता.

तळमजल्यावर लिफ्टजवळच्या खुर्चीवर काका, म्हणजे बाईंचे यजमान, बसले होते. संध्याकाळी ते तिथे येऊन जाणाऱ्यायेणाऱ्यांची विचारपूस करायचे. सगळ्या इमारतीत वजनाने पहिले, काट्यावर एकशे आठ. चष्मेवाल्याच्या डोळ्यांत पाणी तरळलं म्हणतात. तो वाकून जवळ गेला आणि अशा गोड आवाजात बोलला, की त्याच्या बायकोने गाडीतून वळून पाहिलं.

‘‘काका, जरा दोन मिनिटं गाडीत बसता का?’’

‘‘बसतो की,’’ काका म्हणाले. ‘‘बसण्यात माझा हात धरणारा कोण आहे?’’

वॉकर टेकत टेकत काका उतारापर्यंत आले. तेवढ्यालाच सात मिनिटं गेली. स्टूल ठेवलं. काकांनी स्टुलाकडे पाहिलं, वर दाराकडे पाहिलं. गाडीचं पायदान त्यांच्या मांडीला लागत होतं. शिंपी उतरला, वॉचमन उतरला. एकाने पुढून ओढलं, एकाने मागून रेटलं. काका अर्धा फूट वर गेले आणि सावकाश, प्रतिष्ठेने, जिथल्या तिथे परतले. पुन्हा जोर लावला. स्टुलाचा पाय कडकन मोडला. आवाज ऐकून धावत आलेल्या बाईंनी काकांना धरलं म्हणून बरं. गाडी खाली दाबू शकेल असा इमारतीत एकच माणूस, आणि गाडी इतकी उंच की तो आत जाऊ शकत नाही.

घामाघूम झालेला चष्मेवाला म्हणाला, काका, अजून एकदा मनावर घ्या.

काकांनी वॉकर सावरला. ‘‘अरे, चालायला सांग, कितीही चालतो. चालणं तब्येतीला चांगलं असतं, तूच आमच्या हिला सांगितलं होतंस. चढायला मात्र डॉक्टरांनी मना केलंय.’’

बायको दरवाजा उघडून उडी मारून उतरली. ती हसत होती, आणि ते लपवायचा तिने काही प्रयत्न केला नाही.

सात वाजता सेक्रेटरीने फुकटच्या चष्म्यातून एक नंबरची रिकामी जागा पाहिली आणि वहीत नोंद केली. आठवड्याभरात तिथे बाईंची छोटी गाडी लागली. काका आता दारातून उतरतात आणि तीन पावलांत लिफ्टमध्ये असतात.

चष्मेवाला आजही सांगतो की अशी गाडी बेसमेंटमध्ये कोंडणं म्हणजे तिचा अपमान, ती मोकळ्या मैदानाची गाडी आहे. चौदा नंबरची जागा रिकामी झाली, ती त्याला देऊ केली, पण तिथे जायचं तेही त्याच बीमखालून. मैदान काही त्याला मिळालं नाही. आजूबाजूच्या गल्ल्यांत एवढ्या रुंद टायरांना जागा नव्हती. सापडली ती एकच, त्याच्या स्वतःच्या दुकानासमोर. तिथे ती आता बारा महिने उभी असते, टपावर कावळ्यांची बैठक.

आणि रोज सकाळी साडेनऊला चष्मेवाला घरातून निघतो, अकरा मिनिटं चालत गाडीपर्यंत जातो, तिच्यावरची धूळ पुसतो आणि दुकान उघडतो. रस्ताभर बोटावर गाडीची किल्ली फिरवत असतो.