चुकीच्या जागचा ठोका

माझे वडील, आबा, मळवलीच्या ज्या बंगल्याची राखण करतात, त्याचे मालक तरुणपणी लंडनच्या एका क्लबात डीजे होते. जमैकाचं रेगे संगीत ते तिथल्या गोऱ्यांना ऐकवायचे. “आधी कुणी जागचं हलेना,” साहेब सांगायचे. “मी रोज तेच लावत राहिलो. शेवटी त्यांच्या पायांनाच सवय लागली.”

आबा गावच्या भजनात टाळ वाजवतात. रेगे लागलं की ते तोंड वाकडं करायचे. “साहेब, ह्यो ठोका लय चुकीच्या जागी पडतोय. जितं गप बसायचं, तितंच ह्ये वाजवत्यात.” साहेब हसून रेकॉर्ड पुन्हा लावायचे. वर्षानुवर्षं हाच वाद. स्वयंपाक माझ्याकडे होता. वाढलेलं ताट गार व्हायचं आणि माझं डोकं तापायचं.

यंदा साहेबांचे कान पार गेले. रेकॉर्डी कपाटात गेल्या. मला वाटलं, सुटले एकदाची.

परवा दुपारी चहा घेऊन गेले, तर रेकॉर्ड फिरत होती. साहेबांचा हात आबांनी आपल्या मांडीवर घेतला होता आणि ते त्यावर बोटांनी ठोका देत होते, बरोब्बर त्या चुकीच्या जागी. साहेबांनी डोळे मिटले होते. आबांचे पाय आपोआप हलत होते.

चहा माझ्या हातात गार झाला, पण मी हाक मारली नाही.