तिसऱ्या दिवसाचा फोन

माझ्या वर्गात न कळवता गैरहजर राहायची कुणाची टाप नव्हती. हे मी स्टाफरूममध्ये चहा पिताना फुशारकीने सांगायचे, तेही दुसऱ्या वर्गशिक्षकांच्या तोंडावर. लालबाग-परळच्या मधल्या आमच्या मराठी शाळेतला नियम साधा आहे. मूल येणार नसेल तर पालकांनी त्याच दिवशी वर्गाच्या ग्रुपवर कारण कळवायचं. काहीच कळलं नाही तर सलग तिसऱ्या दिवशी वर्गशिक्षकाने घरी फोन करायचा आणि हजेरीपटात शेरा लिहायचा. कुणी पाचव्या दिवशी करतं, कुणी करतच नाही. माझा फोन मात्र तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत जायचाच. मी 'हॅलो' म्हणायच्या आत आया सुरू व्हायच्या, "बाई, ताप आहे हो, उद्या पाठवते."

शिवाय माझा स्वतःचा एक कायदा होता. मेसेज पालकांनीच करायचा. एका वर्षी दोघी जणींनी आईच्या मोबाइलवरून 'माझ्या मुलीला जुलाब होत आहेत' असं स्वतःच टाइप करून पाठवलं आणि दिवसभर चौपाटीवर हिंडल्या. त्यांना मी अख्ख्या वर्गासमोर सोलून काढलं. तेव्हापासून पोरांच्या हातचा मेसेज मी धरत नाही, आणि हे जूनमध्ये पहिल्याच दिवशी बजावून टाकते. आमच्या माहेरी सगळ्यांचीच जीभ तिखट. दम भरायला मला वेगळं शिकावं लागलं नाही.

एवढं सगळं असूनही त्या वर्षी नववीतली एक मुलगी शाळेचे सात दिवस आली नाही आणि मी तिला फोन केला नाही. दोन वर्षं झाली. हे मी अजून कुणाला धड सांगितलेलं नाही.

मुलगी चिंचपोकळी स्टेशनच्या बाजूच्या चाळीतली, शाळेपासून चालत दहा मिनिटांवर. वर्गात गप्प असायची, पण आदल्या सहा डिसेंबरला शाळेत हातात कागद न घेता बाबासाहेबांवर अशी बोलली होती की मागच्या बाकावरची टवाळ मंडळीसुद्धा चिडीचूप झाली होती. वडील गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका टॉवरमध्ये वॉचमन. आई बालवाडीत मदतनीस. ही बाई पालकसभेला सगळ्यांच्या आधी येऊन पहिल्या बाकावर बसायची आणि मुलीच्या मार्कांपेक्षा मुलगी वर्गात बोलते का, हे विचारायची. ग्रुपवरचे तिचे मेसेजही पूर्ण वाक्यांत असायचे, खाली नाव लिहून.

आता गणपतीचं सांगते. आमच्या वर्गातली निम्म्याहून जास्त पोरं कोकणातली. चतुर्थीच्या तीन-चार दिवस आधीपासून बाकं रिकामी व्हायला लागतात. सुट्टी पाच दिवसांची असते, पण अनंत चतुर्दशी होईपर्यंत वर्ग भरत नाही. त्या दिवसांत कुणी मेसेज करत नाही आणि कुणी फोन करत नाही. शेऱ्याच्या रकान्यात पेन्सिलने 'गावी' लिहायचं, संपलं. मीही तेच शिकले, माझ्या आधीच्या बाईंकडून. मी स्वतः मालवणकडची. चतुर्थीचा आदला दिवस म्हणजे तिच्या गैरहजेरीचा तिसरा दिवस, आणि माझी स्वतःची निघायची घाई. त्या दिवशी अर्धी रजा टाकून, एक डोळा घड्याळावर ठेवून, मी वरपासून खालपर्यंत सगळ्या रिकाम्या चौकोनांपुढे 'गावी' लिहीत गेले. तिच्याही पुढे लिहिलं. हात थांबलाच नाही. सुट्टीनंतर परत आले तेव्हा रस्ता दर्शनाच्या रांगांनी तुंबलेला, वर्गात मोजून बारा डोकी. मी आणखी चार दिवस तेच लिहिलं.

अनंत चतुर्दशी उलटली आणि पोरं परतली. कुणी खाजा आणला, कुणी काजू. मी खुशीत होते. तिची जागा अजून रिकामी दिसली तशी तिच्या शेजारणीला म्हटलं, "काय गो, तुझी मैत्रीण गावालाच राहिली की काय? गौरीबरोबर गेली वाटतं विसर्जनाला."

पोरं हसली. शेजारीण हसली नाही. म्हणाली, "बाई, त्यांच्याकडे गणपती नसतो."

झालं. माझ्या कानांतून वाफा निघाल्या. हे मला माहीत नव्हतं का? तिचं सहा डिसेंबरचं भाषण मीच बसवून घेतलं होतं. त्यांचंही गाव कोकणातच, पण ते मे महिन्यात जातात, हेही तिच्या आईनेच मला सांगितलं होतं. आणि मी सात चौकोनांपुढे 'गावी' लिहून मोकळी झाले होते. जगात सगळे माझ्यासारखेच, सगळ्यांच्या घरी माझाच सण, असं कुठेतरी मनात पक्कं बसल्याशिवाय हात असा चालत नाही. मला लाज वाटली. अजून वाटते.

मधल्या सुट्टीपर्यंत थांबले नाही, तिथेच आईचा नंबर लावला. तिने, मुलीनेच, पहिल्या रिंगला उचलला. "बाई?" म्हणाली. मग म्हणाली, "आई आजारी आहे. पप्पा डबल ड्युटीवर आहेत, उद्या सकाळी येतील."

आमची शाळा दुपारची. दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी तिच्या चाळीचा जिना चढले. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. ओढणी कमरेला खोचलेली, हात कोपरापर्यंत ओले. पंधरा दिवसांत चेहरा मोठ्या बाईसारखा झाला होता. मला बघून तिने आधी बादली बाजूला सरकवली, मला वाट द्यायला.

मी तिथेच विचारलं, जरा चिडूनच, कारण माझं स्वतःवरचं चिडणं दुसऱ्यावरच निघतं. "मला कळवायचं नाही का?"

"बाई, मुलांचा मेसेज तुम्ही धरत नाही ना," ती म्हणाली. टोमणा नव्हता. नियम सांगावा तशी सांगत होती. "पप्पा ग्रुपवर नाहीत. तुमचा फोन येईल म्हणून मी आईचा मोबाइल चार्ज करून ठेवत होते. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात पण नेला होता. म्हटलं, तुम्ही पप्पांशी बोलाल."

मी चप्पल काढण्याचं निमित्त करून खाली वाकले.

खोली एकच. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली पलंग, आणि पलंगावर उशांना टेकवून बसवलेली तिची आई. चतुर्थीच्या तीन दिवस आधी पहाटे नळावर पाणी भरताना पडली. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आठ दिवस हॉस्पिटलात काढून घरी आणली होती. पहिल्या बाकावर बसून मला प्रश्न विचारणारी ती बाई आता माझ्याकडे नुसती बघत होती. नजर मात्र तीच होती, सभेतली. ती सगळं ऐकत होती आणि तिला सगळं कळत होतं.

वडील रात्रपाळी करून आले होते, अंगात अजून युनिफॉर्मचा शर्ट. माणूस भला. मला खुर्ची दिली, पोरीला चहा टाकायला सांगितलं. मी म्हटलं, "दादा, पोरीला शाळेत कधी पाठवताय?"

ते म्हणाले, "बाई, एक वर्ष जाऊ दे. नववी काय, पुढच्या वर्षी पण करता येईल. नाहीतर बाहेरून दहावीला बसवू."

आठवीपर्यंत निदान कायद्याची भीती घालता येते. नववीला तीही सोय नाही. बाहेरून बसवू म्हणणारी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत आणि त्यातून बसलेल्या मुली फार थोड्या. मी तसं स्पष्ट सांगितलं. हुशार पोरगी आहे, घरी बसवली तर वाटोळं होईल, असंही म्हणाले. तेव्हा त्यांनी आवाज न चढवता जे सांगितलं ते माझ्या कायम लक्षात राहिलं आहे.

"बाई, माझी बहीण असते वडाळ्याला. पहिल्या दिवशीच म्हणाली होती, मी येऊन राहते पंधरा दिवस. मला सुचतच नव्हतं काही. पोरगी म्हणाली मी करते, आणि शाळेतून कुणी काही विचारलं नाही. म्हटलं, गणपती आहेत, शाळाच बंद असेल. तुम्ही तेव्हा विचारलं असतं तर मी बहिणीला हो म्हटलं असतं. आता बहिणीने पण दुसरं काम धरलं. आणि हिला सगळं जमायला लागलंय. आईचं पुसणं, कूस बदलणं, औषधं. हिच्याइतकं कुणाला जमत नाही."

तिसऱ्या दिवशीच फोन का करायचा, हे इतकी वर्षं नोकरी करून मला तिथे कळलं. पहिल्या दोन-तीन दिवसांत घरात गोंधळ असतो, काहीच ठरलेलं नसतं. कुणी विचारलं तर माणूस दुसरा काहीतरी मार्ग काढतो. नाही विचारलं तर घर हाताशी असलेल्या पोरीवर टेकतं, आणि एकदा टेकलं की उठत नाही. शाळेचे ते सात दिवस होते, घराचे पंधरा. पंधरा दिवसांत ती त्या घराची बाई झाली होती आणि ते माझ्या पेन्सिलीने झालं होतं.

मी म्हटलं, "चूक माझी आहे. फोन मी करायला हवा होता." ते गडबडले. "अहो नाही बाई, तुमची काय चूक," असं म्हणाले. पण पोरीला कधी पाठवतो, ते म्हणाले नाहीत. मी शेजारपाजाऱ्यांचा विषय काढला, बालवाडीतल्या बायकांना विचारते म्हटलं, दुपारी थोडा वेळ तरी, म्हटलं. ते प्रत्येक सूचनेला मान डोलवायचे आणि पुन्हा म्हणायचे, "बघू. दिवाळीनंतर बघू."

मुलगी तोवर पेजेची वाटी घेऊन पलंगापाशी बसली. आमचं बोलणं तिच्याबद्दल चाललंय हे जणू तिला ऐकूच येत नव्हतं. तिने चमचा भरला, फुंकर घातली, आईच्या ओठांना लावला.

आईने तोंड उघडलं नाही.

"आई, आ कर," ती म्हणाली. मग समजुतीने, लहान पोराला म्हणावं तसं, "थोडीशीच. औषध घ्यायचंय ना?" आईने ओठ घट्ट मिटून घेतले आणि तोंड भिंतीकडे वळवलं. मुलगी बाजूने वाकली, पुन्हा चमचा लावला. पुन्हा तेच. वडील उठून आले. "काय झालं गं? दुखतंय का?"

ती नवऱ्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं, मग पोरीकडे, आणि परत नवऱ्याकडे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण चेहऱ्यावर राग होता. चांगला सणसणीत राग.

खाली कुणीतरी भाजीवालीशी हुज्जत घालत होतं, ती ऐकू येत होती.

वडिलांच्या लक्षात यायला वेळ लागला. मग ते हळूच बायकोला म्हणाले, "बरं, सोमवारपासून पाठवतो पोरीला."

ओठ मिटलेलेच.

ते तिच्याकडे बघत राहिले. मनगटाने डोळे पुसले. "उद्या," म्हणाले. "उद्यापासून जाईल. शपथ."

तिने तोंड उघडलं. मुलीने चमचा पुढे केला तशी मान पुन्हा बाजूला गेली. तेव्हा मात्र वडिलांनी कुणी सांगायची वाट पाहिली नाही. पोरीच्या हातून वाटी घेतली आणि पलंगाच्या कडेला बसले.

त्यांना भरवता येत नव्हतं. पहिला चमचा निम्मा हनुवटीवर सांडला. मुलगी फडकं घेऊन झटकन उठायला गेली, तर आईने डाव्या हाताने तिचा दंड धरला आणि तिला खाली बसवलं.