कोणी कोणाच्या पाया पडायचं?

मंडळातल्या बायांनो, आज दुपारी आमच्या नातीला, कुसुमला, बघायला पुण्याची मंडळी आली होती. मला अक्षर येत नाही, म्हणून हे फळ्यावर कुसुमच लिहून राहिली आहे. आता तिची तारीफ तिच्याच हातानं कशी लिहवू?

पोरीनं चहा दिला, हात जोडले आणि बाजूला बसली. मुलाची आई मला म्हणाली, "आजी, मुलगी वाकून नमस्कार नाही करत? तुम्ही अगदी इकडच्या हिंदी लोकांसारखे झालात हो!"

मला हसूच आलं. शेजारची तिवारीणबाई मला जन्मभर 'दक्खिनी अम्मा' म्हणत आली. आणि तिनंच कुसुमला लहानपणापासून दटावलं, की इकडे मुली देवीसमान, त्या कोणाच्या पाया पडत नाहीत.

तेवढ्यात तिवारीणबाईच पेढे घेऊन आली. आधी कुसुमच्या पाया पडली, मग पाहुण्यांच्या लेकीच्या, म्हणजे मुलाच्या बहिणीच्या. ती पाय मागे ओढायला लागली, तशी म्हणाली, "अरे बिटिया, पाँव काहे खींचती हो?"

ती पोर रडवेली झाली. "आई, माझ्या पाया कधी कोणी पडलंच नव्हतं."

टांग्यात चढताना मुलाची आई मला हळूच म्हणाली, "नमस्काराचं तेवढं शिकवा. उद्या ग्वारीघाटावर नदीस्नान करून परतताना येतो."

मुलगा कुसुमला आवडला आहे. (इथं ती लिहायची थांबली, मीच रेटलं.)

शिकवीन मी. वाकायला काय लागतं? पण तिवारीणबाईला काय सांगू, की आजपासून ही देवी नाही, पुण्याची सून आहे? तुम्ही काय सांगितलं असतं?