सून वाळून राह्यली

वाशिमहून रिसोडला येणाऱ्या एसटीत मी दांडीला धरून उभी होते. शेजारी बारावीतली माझी मुलगी. समोरच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्या बाईनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, बाजूच्या माणसाला कोपरानं ढोसून उठवलं आणि मला म्हणाली, "बस वं माय. अशा वक्ताले उभं राहू नाही. कितवा चालू हाय?"

मी बेचाळीस वर्षांची होते. खरं काय ते सांगून टाकणं अवघड नव्हतं. पण माणूस उठला होता, जागा रिकामी झाली होती आणि रिसोड अजून लांब होतं. "सहावा," असं म्हणून मी बसले. मुलगी पार ड्रायव्हरपाशी जाऊन उभी राहिली आणि उतरेपर्यंत तिनं माझी ओळख दाखवली नाही.

घरी आल्यावर तिनं फोनवर एक ट्रेनर शोधली. जवळच्या शिरपूरची पोरगी, पंचविशीतली, कॉलेजात कबड्डी खेळलेली, शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेली. घरोघरी स्कूटीवर जाऊन बायकांचं वजन उतरवते, असं तिच्या व्हिडिओत लिहिलं होतं. मी पतसंस्थेत क्लार्क आहे. दिवसभर खुर्चीत बसून काम, मधूनमधून चहा आणि चहाबरोबर जे कोणी आणलं असेल ते. उतरवण्यासारखं माझ्याकडे भरपूर होतं.

पहिल्या दिवशी तिनं मला विचारलं, "मॅडम, दिवसभरात काय काय खाता?"

"फार काही नाही," मी म्हणाले. "सकाळी थोडे पोहे."

"थोडे नाही खात ते," स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. "पलेटभर खाते. वर शेव. मंग हापिसात डबा, त्याच्यात तीन पोळ्या मी सोता घालतो. संध्याकाळी भजे नाही तं मुर्रा-चिवडा. रात्री वरणभात, तूप टाकून. लै चांगली जेवते सून माही."

ही तक्रार नव्हती. सासूबाईंचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या वावरात निंदण-खुरपण करण्यात गेलं. त्यांच्या तरुणपणी अंगावर मांस असणं ही मोठ्या घरची गोष्ट होती. मुलगा मास्तर झाला, सून पतसंस्थेत लागली आणि लग्नानंतर दरवर्षी थोडी थोडी भरत गेली. माझं वजन हे त्यांच्या लेखी घराण्याच्या प्रगतीचं लक्षण होतं. पाहुण्यांना घर दाखवताना त्या फ्रिज दाखवत, वॉशिंग मशीन दाखवत आणि मग मला हाक मारत.

ट्रेनरनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि पोहे, शेव, भजे, साखर एका दमात बंद केलं.

"भाकर तं ठेवली का?" सासूबाईंनी विचारलं.

"ठेवली, काकू. एक."

"एक भाकर ताटात दिसत बी नाही, पोरी."

व्यायाम गच्चीवर चाले. आजूबाजूच्या गच्च्यांवर नेमकी त्याच वेळेला वाळवणं घालायची टूम निघाली. महिन्यातून एकदा मिरच्या वाळवणाऱ्या बायका रोज सकाळी त्याच मिरच्या उलटसुलट करायला लागल्या. ट्रेनरनं उठबशा काढायला लावल्या तेव्हा सासूबाई जिन्यातून वर आल्या, थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "शाळेत चुकल्यावर काढाले लावतात ह्या. हिनं काय केलं?"

नवऱ्याचा मला पूर्ण पाठिंबा होता. "मी हाओ तुह्यासोबत," असं तो जेवताना रोज म्हणायचा आणि माझ्या वाटणीचं तूप स्वतःच्या भातावर घ्यायचा. त्याच्या शर्टाची बटणं त्या उन्हाळ्यात ताणायला लागली.

पण पोरगी चिवट होती. मी रडकुंडीला आले की ती शांतपणे म्हणे, "रडा मॅडम, पण खाली जाऊन रडा. गुडघे वाकवून." पावसाळा संपता संपता माझे ब्लाउज ढिले पडले, पतसंस्थेचा जिना मी न थांबता चढायला लागले आणि गालांची हाडं आरशात दिसायला लागली. मला वाटलं, आता लोक कौतुक करतील.

आठवडी बाजारात भाजीवाली पहिल्यांदा म्हणाली, "काहून वाळून राह्यल्या बाई? शुगर निंगाली का?" ऑफिसात एकानं पपईच्या पानांचा रस सुचवला. दुसऱ्यानं अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरचा पत्ता दिला. मी व्यायामाचं सांगितलं की सगळे मान डोलवत आणि कीव आल्यासारखं पाहत. व्यायामानं माणूस वाळतं हे त्यांना पटतच नव्हतं.

दिवाळीनंतर नात्यातलं एक लग्न आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावच्या मंगल कार्यालयात होतं. बुद्धवंदना झाली, फुलं पडली, लोक जेवणाकडे वळले. तेवढ्यात सासूबाईंच्या थोरल्या बहिणीनं मला हाताला धरून खांबाआड नेलं. माझा दंड दोन बोटांत धरून दाबून पाहिला.

"खरं सांग," त्या हळूच म्हणाल्या. "खाऊ देते का ती तुले?"

मला हसू आलं. "आई तर भरपूर वाढतात हो मावशी. मीच खात नाही."

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि निघून गेल्या. सासुरवाशीण सासूचं गाऱ्हाणं सांगत नसते, हे त्यांना माहीत होतं. मी जे खरं तेच सांगितलं होतं, पण छळ होणारी सूनही हेच, आणि असंच हसून, सांगते, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मावशी बायकांच्या घोळक्यात पोचल्या होत्या.

पंगतीत वाढप्यांचा दुसरा फेरा येईपर्यंत बातमी सगळीकडे झाली. कोणीतरी सासूबाईंच्या कानावर घातलंच. त्या पदर खोचून माझ्या ताटासमोर आल्या, वाढप्याच्या हातातलं भांडं घेतलं आणि सगळ्यांना दिसेल अशा बेतानं माझ्या पानात जिलेब्या वाढल्या.

"खाय," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता, पण भांडं त्यांनी हातातून खाली ठेवलं नाही.

मी पाहिलं, समोरच्या ओळीतल्या बायकांनी जेवण थांबवलं होतं. खाल्लं नाही तर सासूची लाज जाणार होती. म्हणून मी खायला लागले. पण कित्येक महिन्यांत माझ्या जिभेला साखर लागली नव्हती. पहिली जिलेबी सासूबाईंसाठी खाल्ली, नंतरच्या कोणासाठी खाल्ल्या ते सांगता येत नाही. मान वर केली तेव्हा ताट रिकामं होतं आणि बोटं मी चाटत होते.

"पाहा कशी उपाशी हाय बिचारी," मागून कोणी तरी म्हणालं.

परतताना जीपमध्ये सासूबाई तोंड फिरवून बाहेर पाहत बसल्या. नवऱ्यानं, जेवण छान होतं, असं म्हणून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फाटकापाशी उभ्या होत्या. ट्रेनरची स्कूटी थांबताच त्यांनी सुरुवात केली. "जिंदगीभर म्या लोकायले पोटभर खाऊ घातलं. कोणी उपाशी गेलं नाही माह्या दारातून. आन् आता तुह्यापायी लोकं म्हणून राह्यले का मी सुनेले उपाशी मारतो."

पोरीनं हेल्मेट काढलं. "काकू, लोकायले दिसतच नाही ना आमी काय करतो ते. वर गच्चीवर करतो, मिरच्यावाल्या बाया सोडल्या तं खालच्यायले काय समजणार."

सासूबाईंनी रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. मग म्हणाल्या, "मंग इथं कर. रस्त्यावर."

मी नाही म्हणाले. नवरा म्हणाला, "आई, लोकं काय म्हणतील?"

"लोकं काय म्हणून राह्यले ते ऐकूनच सांगून राह्यलो मी," त्या म्हणाल्या आणि बाज बाहेर काढायला लागल्या.

त्या दिवसापासून घरासमोरच्या रिकाम्या प्लॉटवर, शाळेत जाणारी पोरं, दूधवाला आणि सकाळी फिरायला निघालेले माझेच ऑफिसचे लोक यांच्यासमोर मी घाम गाळू लागले. सासूबाई बाजेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवत. "आमची सून हाय. पैसे देऊन वाळून राह्यली." फी कोणी विचारली तर खऱ्यापेक्षा बरीच वाढवून सांगत.

ह्या एका वाक्यानं सगळं बदललं. आजारानं वाळणं वाईट, सासुरवासानं वाळणं त्याहून वाईट. पण पैसे मोजून वाळणं ही ऐपतीची गोष्ट होती. आठवडाभरात समोरच्या घरातली सासू आमच्याकडे आली. ट्रेनरकडे पाहत, जरा दुखावलेल्या सुरात म्हणाली, "आमच्या सुनेलेबी लावा. ते काई कमी जाड नाही." मग मागच्या गल्लीतली आली, मग एका मास्तरीणबाईंनी स्वतःहून नाव दिलं. सासूबाई नव्या आलेलीला आधी नीट पाहून घेत आणि मग ट्रेनरला सांगत, "हिले जरा जास्त लागन."

प्लॉट अपुरा पडला तेव्हा सगळा जत्था जवळच्या बुद्धविहाराच्या सभागृहात हलला. थोरल्या मावशीही एकदा खात्री करायला म्हणून आल्या. सासूबाईंनी त्यांना पाणीही न देता थेट सभागृहात नेलं. मावशींनी हात वर करून उभ्या असलेल्या इतक्या बायका पाहिल्या, बराच वेळ विचार केला आणि ट्रेनरला गुडघ्यांवर काही आहे का, असं विचारलं. बहिणीची माफी त्यांनी मागितली नाही. सासूबाईंनीही ती मागायला लावली नाही, जेवताना त्यांना आग्रह मात्र केला नाही.

माझ्यापुरतं सांगायचं तर ट्रेनर आता माझी एकटीची राहिली नाही. मी उशिरा पोचते, त्यामुळे शेवटच्या ओळीत जागा मिळते आणि तिथून तिचं फक्त डोकं दिसतं. मी कंबर पूर्ण वाकवली नाही तरी तिच्या लक्षात येत नाही. कुणी तरी रोज सकाळी फक्त माझ्याकडे पाहून, "अजून खाली मॅडम," असं म्हणत होतं, ते मला इतकं आवडत होतं हे मला तेव्हा कळलं नव्हतं. वजन मधेच कुठे तरी थांबलंय. मी ते आता खाली आणायची घाई करत नाही आणि सासूबाई वर न्यायची करत नाहीत.