अखीन एक ऊन

कौतिकाबाई पटले पहिल्यांदा माझ्या गोंदियाच्या दवाखान्यात आल्या, तेव्हा तोंड उघडण्याआधी त्यांनी पदराची गाठ सोडली. आत मूठभर धान होतं. एक दाणा माझ्या हातावर ठेवून म्हणाल्या, "फोडून पाय बाई, दाढेखाली."

मी दातांची डॉक्टर. हे चावू नका, ते फोडू नका अशी दिवसभर लोकांमागे कटकट करणारी. पण त्या नजरेपुढे माझी मात्रा चालली नाही. दाणा फोडला. कट्‌ असा आवाज झाला.

"सुकला हाय. ओला अस्ता त चपटला अस्ता," त्या म्हणाल्या. "हे मले आता समजत नाही."

आमगावजवळच्या त्यांच्या घरी मळणीनंतर धान वाळलं की नाही, ते त्या दाणा फोडून सांगत. त्यांनी मान डोलावली की धान साठवणीच्या ढोलीत जाई. पुढे वरच्या दाढा दोन्ही बाजूंनी गेल्या. एका वर्षी पुढच्या दातांनी दाणा चेपून त्यांनी अंदाजाने होकार दिला आणि ठेवलेल्या बियाण्याला बुरशी लागली. मुलगा भाऊराव चकार शब्द बोलला नाही. पुढच्या हंगामात मात्र तो दाणा घेऊन आईकडे आलाच नाही.

"रागावला अस्ता त बरं होतं," त्या म्हणाल्या. "त्यानं मले विचारनंच सोडलं." एवढं एकच वाक्य त्या खाली बघून बोलल्या.

कवळी त्यांनी आधीच करून पाहिली होती. तोंडात घातली की उलटी येई. हाडात स्क्रू घालून पक्के दात, म्हणजे इम्प्लांट, बसवावे तर एक्स-रेमध्ये हाडच नाही. वरच्या दाढांच्या वर हवेची पोकळी असते, तिला सायनस म्हणतात. दाढा गेल्या की तिचा तळ खाली उतरतो, हाड पातळ होतं, आणि मग स्क्रू धरायला जागा उरत नाही. पोकळीचा नाजूक पडदा वर उचलून खाली हाडाची भुकटी भरायची, ती घट्ट होईपर्यंत कित्येक महिने थांबायचं, आणि मग दात. या वयात हे नको, असं मी स्पष्ट सांगितलं.

"धानाच्या बांधीत चिखलच नाही, त रोपाची रोवनी कायची?" त्या शांतपणे म्हणाल्या. "भर मंग. मी थांबतो." मग काहीतरी आठवून त्यांनी विचारलं, "भुकटी कोनाच्या हाडाची होय?"

"कोणाच्याच नाही. कारखान्यातली."

"मंग ठीक."

नागपूरहून येणाऱ्या सर्जननी दसऱ्यानंतर शस्त्रक्रिया केली. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, धुळीत जायचं नाही. नाहीतर दाबाने सगळं हलेल, असं मी बजावलं. मळणी तोंडावर आली होती. लग्न झाल्यापासून एकही मळणी न चुकवलेली ही बाई त्या वर्षी फुलचूरला भाचीकडे जाऊन राहिली. टाके काढायला आल्या तेव्हा बाकावर बसल्या बसल्या तोंडाचा आ करून अशी शिंकल्या, की शेजारचा गृहस्थ उठून उभा राहिला. "डाक्टरीनबाईचा हुकूम हाय," त्यांनी त्याला सांगितलं.

पुढच्या वर्षी धान कापणीला आलं तेव्हा त्यांच्या दाढा पक्क्या बसल्या होत्या. मी सवयीने सुरू केलं, "सुपारी बंद. कडक काही फोडायचं नाही."

"आन धान?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मंग दात कायले लावून देल्ले?"

मी हात टेकले. एक-एक दाणा, तोही हळू, एवढी अट घातली. त्या मळणीत भाऊराव दाणा घेऊन आईसमोर उभा राहिला, हे त्या मला सांगायला आल्या तेव्हा बोलता बोलता रडल्या. माझेही डोळे भरून आले.

काही वर्षांनी मळणीच्याच दिवसांत त्या गेल्याचा निरोप आला. मी लगेच निघाले. अंगणभर धान पसरलेलं होतं आणि भेटायला येणारी माणसं भिंतीच्या कडेकडेने आत जात होती. घरात मयत आहे, निदान आज तरी हे आवरा, असं एक म्हातारे नातेवाईक भाऊरावला सांगत होते.

"नाही," भाऊराव म्हणाला. "काल मायले दाना देल्ला होता. अखीन एक ऊन पायजे म्हने."